न्हाव्याकडे गिरवलेली बंगाली

उंच माझा झोका ही मालिका २०१२-१३ साली लागायची, तेव्हा संध्याकाळची भाकरी लवकर थापून टीव्हीसमोर बसणाऱ्या आपल्यात पुष्कळजणी होत्या. त्यातली लहानगी रमा आणि तिची पाटी-पेन्सिल अजून डोळ्यांसमोर आहे. रमाबाई रानडे म्हटलं की आपल्याला सेवासदन आठवतं, न्यायमूर्ती रानडे आठवतात, आणि बायकांच्या शिक्षणासाठी सोसलेला सासरचा जाच आठवतो. मला आज त्यांच्या चरित्रातला एक बारीकसा धागा उलगडायचा आहे. ही बाई नव्या नव्या भाषा शिकली कशी? शाळेत तर ती एक दिवसही गेली नव्हती. मराठी, मग इंग्रजी, मग बंगाली. प्रत्येक भाषेची तऱ्हा वेगळी, आणि प्रत्येक भाषेपायी मोजलेली किंमतही वेगळी.

मैत्रिणींनो, आपल्या गावोगावी आता इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासचे बोर्ड दिसतात. तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी! फी भरायची, वही करायची, दोनशे शब्द पाठ करायचे आणि चौथ्या महिन्यात विसरून जायचे. पाठ केलेले शब्द का टिकत नाहीत आणि गोष्टीत भेटलेले शब्द का टिकतात, हे रमाबाईंच्या आयुष्याकडे पाहिलं की थोडं कळतं.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, देवराष्ट्रे गावचा. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगावही तेच. माहेरचं आडनाव कुर्लेकर, माहेरचं नाव यमुना. घर खातंपितं, प्रतिष्ठेचं. पण मुलींना अक्षर शिकवायचं नाही हा रिवाज. बाईच्या हातात पुस्तक आलं की तिचा नवरा मरतो, असं लोक खरोखरच मानत. आज हसू येतं. पण ज्या आईनं ही भीती मनात धरली असेल तिला हसून कसं चालेल? तिच्या लेकीच्या जिवाचाच तो प्रश्न होता. लेकीला पाटी न देणं हेच तिला तिचं रक्षण वाटत होतं.

पाटी नव्हती, पण घरात गोष्टी होत्या. रमाबाईंची आई संध्याकाळी पोराबाळांना जवळ घेऊन पुराणातल्या गोष्टी सांगायची. पुढे भाषा शिकताना हीच शिदोरी त्यांच्या कामी आली असं मला वाटतं. ज्या मुलीच्या कानात शंभर गोष्टी आहेत, तिला परक्या भाषेतली गोष्ट अर्धी आधीच ठाऊक असते. राजा कसा रागावतो, सावत्र आई काय करते, वनवासात काय घडतं हे तिला सांगावं लागत नाही. तिला फक्त शब्द हवे असतात.

डिसेंबर १८७३ मध्ये त्यांचं लग्न झालं. मुलगी अकरा वर्षांची, नवरा एकतीस वर्षांचा. माधवराव रानडे तेव्हा पुण्यात न्यायाधीश होते आणि सुधारकांमध्ये त्यांचं नाव मोठं होतं. पहिली पत्नी नुकतीच वारली होती. त्यांनी आता एखाद्या विधवेशीच लग्न करावं अशी मित्रांची अपेक्षा होती, आणि नेमकी तीच धास्ती वडिलांना होती. वडिलांनी घाई केली आणि माधवराव वडिलांपुढे वाकले. लग्न झालं तो दिवस त्यांनी दुःखातच काढला. सुधारकांनी पुढे कित्येक वर्षं त्यांना याबद्दल बोल लावला, आणि तो चुकीचा होता असं मी तरी म्हणणार नाही. विधवांची बाजू मांडणाऱ्या माणसानं अकरा वर्षांची कुमारिका करावी, हे कुठंतरी खुपतंच. रमाबाईंचं शिक्षण हे त्या खुपण्यातूनच सुरू झालं असावं.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवसांत माधवरावांनी तिला लिहितावाचता येतं का ते विचारलं आणि पाटी समोर ठेवली. रात्री दिव्याच्या उजेडात अ आ इ ई. नंतर शिकवायला मास्तरीणबाई ठेवल्या. मराठी वाचायला येऊ लागली तशी घरात कुजबुज सुरू झाली. पुण्याचा तो वाडा म्हणजे बायकांनी भरलेलं घर. सावत्र सासू, विधवा नणंद, नात्यातल्या इतर बायका. यातल्या बऱ्याचजणींच्या वाट्याला आयुष्यात काहीच आलेलं नव्हतं. आणि ही काल आलेली पोर नवऱ्याच्या खोलीत बसून पुस्तक वाचते! टोमणे, अबोला, मुद्दाम काढलेली कामं, सगळं झालं. आपण या बायकांना खलनायिका करून टाकतो. पण ज्यांच्या हातून पाटी कायमची काढून घेतली गेली होती त्यांनी दुसरीच्या हातातल्या पाटीकडे मायेनं बघावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

माधवराव मात्र वडीलधाऱ्यांना काही बोलत नसत. पत्नीला शिकवायचं, पण तिच्यासाठी घरात भांडायचं नाही, तिनं शांतपणे सोसावं आणि शिकत राहावं, अशी त्यांची रीत. रमाबाईंनी ती मान्य केली. मला ती पूर्णपणे पटत नाही. शिकण्याचा निर्णय नवऱ्याचा आणि त्याची झळ बायकोला. आजही एखादा नवरा मोठ्या हौसेनं बायकोचं नाव क्लासला घालतो आणि सासूला समजावण्याचं काम मात्र तिच्यावरच सोडतो, ते याच जातीचं.

मराठी अक्षर पक्कं झाल्यावर इंग्रजीची पाळी आली. १८७८ मध्ये माधवरावांची बदली नाशिकला झाली, पुढच्या वर्षी धुळ्याला. बदलीचं गाव म्हणजे मोठ्या वाड्यापासून सुटका. घरात माणसं कमी, टोमणेही कमी. बदलीच्या नोकरीतल्या बायकांना हा मोकळेपणा बरोब्बर कळेल. त्या काळात माधवराव स्वतः त्यांना इंग्रजी शिकवायला बसत. क्रमिक पुस्तकं झाली आणि मग वाचायला घेतल्या इसापच्या गोष्टी आणि बायबलचा नवा करार.

इथं जरा थांबूया. इसापच्या गोष्टी तोवर मराठीला नव्या नव्हत्या. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्येच इसापनीती मराठीत आणली होती. नवा करारही मराठीत कधीचा छापलेला होता. म्हणजे शिकणाऱ्या बाईच्या हातात इंग्रजी पुस्तक आलं तरी त्यातला कोल्हा ओळखीचा, द्राक्षं ओळखीची. इंग्रजीत द्राक्षाला काय म्हणतात हे मग वहीत लिहून घोकावं लागत नाही. कोल्हा उडी मारतो, हाती काही येत नाही, तोंड वाकडं करून जातो. त्या वाकड्या तोंडाबरोबर आंबटाला इंग्रजीत काय म्हणतात तेही डोक्यात बसतं. सुटा शब्द म्हणजे सुटा मणी, कुठंही घरंगळतो. गोष्टीत ओवलेला जागेवर राहतो.

हीच युक्ती जगाच्या दुसऱ्या टोकाला एका जर्मन माणसानं वापरली होती. हाइनरिश श्लीमन, जन्म १८२२, ज्यानं पुढे ट्रॉय हे पुराणातलं शहर उकरून काढल्याबद्दल नाव मिळवलं. तरुणपणी तो अॅमस्टरडॅमला एका पेढीत कारकून होता. पगार तुटपुंजा, पण भाषांचं वेड. इंग्रजी शिकायला त्यानं दोन कादंबऱ्या तोंडपाठ केल्या. फ्रेंच शिकायला तेलेमाक नावाची फ्रेंच कादंबरी पाठ केली. आणि १८४४ मध्ये रशियन शिकायची वेळ आली तेव्हा कुणी शिक्षक मिळेना, म्हणून त्यानं त्याच तेलेमाकचा रशियन अनुवाद मिळवला. गोष्ट पाठच होती, नवे होते ते फक्त शब्द. मोठ्यानं म्हणायची सवय, पण ऐकायला कुणीतरी हवं, म्हणून त्यानं आठवड्याला चार फ्रँक देऊन एक म्हातारा ठेवला. त्या बिचाऱ्याला रशियनचं एक अक्षर कळत नव्हतं. तो रोज संध्याकाळी येऊन दोन तास नुसता समोर बसायचा. लाकडी पातळ छतांच्या घरात शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि श्लीमनला बिऱ्हाड बदलावं लागलं. स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज या भाषा तर त्यानं एकेक करून काही आठवड्यांतच आत्मसात केल्याचं तो सांगतो. तो आपली बढाई मारण्यात मागे नव्हता, तेव्हा थोडं वजा करून घ्यावं. पण अनुवादाची युक्ती खरी आहे.

श्लीमनला ऐकायला पगारी म्हातारा मिळाला. रमाबाईंच्या घरी काय झालं, ते आता सांगते. त्याआधी पुण्याचा एक टप्पा मात्र ओलांडायला हवा.

१८८१ मध्ये रानडे पुन्हा पुण्यात आले आणि रमाबाई पुन्हा मोठ्या घरात. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. दोन्ही रमाबाई एकमेकींच्या जवळ आल्या. मिस हरफर्ड नावाच्या बाई त्यांना इंग्रजी शिकवत. परधर्माची बाई शिकवायला येते म्हटल्यावर विटाळाचा प्रश्न निघाला, धडा झाला की सोवळ्याओवळ्याची कटकट सुरू. नवऱ्याकडे शिकणं एक वेळ झाकून जाई. मिसबाईकडे शिकणं सगळ्या पुण्याला दिसत होतं.

त्याच सुमारास पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून सभा भरली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचून दाखवलं. विशी ओलांडलेली बाई, नऊवारीत, गोऱ्या साहेबासमोर उभी राहून इंग्रजी वाचते, ही त्या काळी किती मोठी गोष्ट असेल याची कल्पना करा. १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा सुरू झाली, ती आजही चालू आहे. बाहेर कौतुक झालं. घरी आल्यावर मात्र जे ऐकून घ्यावं लागलं ते साध्या टोमण्यांच्या पलीकडचं होतं. पुरुषांच्या सभेत उभं राहून इंग्रजी वाचायचं म्हणजे घराण्याची अब्रू वेशीला टांगली, असा सूर. माधवरावांनी नेहमीप्रमाणे शांत राहायला सांगितलं.

आता कलकत्त्याची गोष्ट. रमाबाईंच्या आठवणींमधला मला सगळ्यात आवडणारा भाग.

१८८६ मध्ये सरकारनं खर्चाची काटकसर शोधायला फायनान्स कमिटी नेमली आणि रानडे तिचे सभासद झाले. कामानिमित्त सिमला, कलकत्ता असा प्रवास झाला. रमाबाई बरोबर होत्या. कलकत्त्याला मुक्काम लांबला. एक दिवस बंगाली वर्तमानपत्र विकणारा दारात आला. आपल्याला बंगाली कुठं वाचता येतं, घेऊन काय करायचं, म्हणून रमाबाईंनी त्याला परत लावलं. माधवरावांना ते रुचलं नाही. एवढे दिवस ज्या मुलखात राहतो तिथली भाषा येऊ नये याचं त्यांना वाईट वाटलं. रमाबाईही काही कमी नव्हत्या. तुम्हाला तरी कुठं येते, आधी शिका आणि मग मला शिकवा, अशा अर्थाचं त्यांनी सुनावलं. चव्वेचाळीस वर्षांचा न्यायाधीश, सरकारी कमिटीचं काम डोक्यावर. पण त्यानं ते मनावर घेतलं आणि बंगाली पुस्तकं विकत आणली.

मग एके सकाळी रमाबाईंच्या कानावर बोलण्याचा आवाज आला. कुणी पाहुणे आलेत की काय म्हणून डोकावून पाहिलं, तर न्हावी हजामत करतोय आणि साबण लावलेल्या तोंडानं माधवराव हातातलं बंगाली पुस्तक मोठ्यानं वाचताहेत. शब्द अडला की न्हाव्याला विचारायचं. न्हावी वस्तरा चालवता चालवता उच्चार सांगतोय, अर्थ सांगतोय. रमाबाईंना हसू आवरेना. त्यांनी नंतर नवऱ्याची यथेच्छ थट्टा केली. दत्तात्रेयानं चोवीस गुरू केले होते, त्यांत या न्हाव्याची भर घालायला हरकत नाही म्हणाल्या. शिवाय पूर्वी शिष्य गुरूची सेवा करत, इथं तर गुरूच शिष्याची हजामत करतोय, हेही त्यांनी टोचलं.

थट्टा केली खरी, पण शिकायला बसल्या. न्हाव्याकडून नवऱ्याकडे आणि नवऱ्याकडून बायकोकडे अशी ती बंगाली आली. आणि कलकत्ता सोडायच्या आत रमाबाई बंगाली वाचू लागल्या होत्या. घरी परतताना सामानात बंगाली पुस्तकं होती.

मला यातलं काय आवडतं सांगू? इतकी वर्षं या घरात शिकणं म्हणजे वरून खाली येणारी गोष्ट होती. नवरा शिकवणार, बायको शिकणार. कलकत्त्याला पहिल्यांदा दोघंही एकाच इयत्तेत होते. त्यामुळेच रमाबाईंना एवढं मोकळं हसता आलं असेल. आणि आजूबाजूला टोमणे मारायला तो वाडाही नव्हता.

एवढ्या थोड्या दिवसांत भाषा वाचता कशी येते, असं कुणाला वाटेल. बंगाली आपल्याला वाटते तेवढी दूरची नाही. लिपी वेगळी दिसली तरी घडण आपल्या बालबोधीच्याच घराण्यातली, डोक्यावर रेघ असलेली. आणि घरातले शब्द पाहा. सासूला त्या शाशुडी म्हणतात, नणंदेला ननद, जावेला जा, दिराला देओर. म्हणजे सून म्हणून नांदायला लागणारे सगळे शब्द आपल्याकडचेच! भात तो भातच, तेल ते तेलच. राग म्हणजे त्यांच्याकडेही रागच. मिरचीला मात्र ते लंका म्हणतात, आणि पाणी पितात म्हणायच्या ऐवजी पाणी खातात म्हणतात. ऐकताना फसगत होते ती उच्चारामुळे. अ चा ओ होतो, व चा ब होतो. विषवृक्ष हे नाव बंगाली बाई बिषबृक्ख असं काहीसं उच्चारते, लक्ष्मीची लोक्खी होते. म्हणून तर त्या न्हाव्याची गरज. डोळ्यांना ओळखीचा असलेला शब्द कानाला परका वाटतो, तो कुणीतरी म्हणून दाखवावा लागतो.

खरी गंमत पुढे आहे. काही शब्द दोन्हीकडे सारखे दिसतात आणि अर्थ मात्र भलतेच. आपल्याकडे आदर म्हणजे मान, बंगालीत आदर म्हणजे लाड, माया. आपल्याकडे चेष्टा म्हणजे थट्टा, त्यांच्याकडे चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड, त्यांच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. रमाबाईंच्या सासरी हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे होते म्हणायचे! असे शब्द शब्दकोशात पाहून लक्षात राहत नाहीत. कादंबरीत आई लेकराचा आदर करते, असं वाक्य समोर येतं, आपण क्षणभर अडखळतो, आणि मग प्रसंगावरून उलगडतं. एकदा असं उलगडलं की तो शब्द आयुष्यभर विसरत नाही. कादंबरी या शब्दाचंही असंच आहे. बाणभट्टाच्या संस्कृत कथेतल्या नायिकेचं नाव कादंबरी, त्यावरून आपण हा शब्द घेतला. बंगालीत मात्र उपन्यास म्हणतात. उमरग्याच्या बाजूला ज्यांच्या घरी कानडी बोलतात त्यांना सांगायला नको, कानडीतही आपल्यासारखी कादंबरीच.

त्या काळी बंगाली वाचायला शिकणाऱ्याच्या हाती आपसूक यायच्या त्या बंकिमचंद्र चटर्जींच्या कादंबऱ्या. दुर्गेशनंदिनी १८६५ ची, आनंदमठ १८८२ ची. विषवृक्ष पुस्तकरूपानं आली १८७३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी रमाबाईंचं लग्न झालं त्याच वर्षी. विषवृक्षाची गोष्ट थोडक्यात अशी. नगेंद्र नावाचा जमीनदार, त्याची जिवाभावाची पत्नी सूर्यमुखी. घरात आश्रयाला आलेली कुंदनंदिनी ही कोवळी विधवा. नगेंद्र तिच्यात गुंततो आणि तिच्याशी लग्न करतो. सूर्यमुखी घर सोडून जाते. शेवटी सूर्यमुखी परत येते आणि कुंद विष घेऊन मरते. विधवेनं पुन्हा लग्न केलं तर घरात विषाचं झाड उगवतं, असा अर्थ पुष्कळांनी यातून काढला.

आता विचार करा. ज्या घरचा पुरुष विधवाविवाहासाठी आयुष्य वेचतो, आणि ज्याच्या स्वतःच्या लग्नात हाच प्रश्न काट्यासारखा बोचत राहिला, त्या काळातल्या अशा घरच्या बाईला ही कादंबरी काय काय शिकवत असेल? शब्द तर शिकवतेच. पण आपल्या वाड्यात पाटावर बसून जप करणारी विधवा नणंद आणि बंगालमधली कुंद एकाच माळेतल्या आहेत, हेही दाखवते. परक्या भाषेतली कादंबरी वाचण्यात मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्या घरातलं जे बोलता येत नाही ते दूरच्या मुलखातल्या नावांनी वाचता येतं.

आपल्या धाराशिवचं त्या काळचं चित्र आठवून पाहू. आपला मुलूख निजामाच्या राज्यात. शिकलेल्या पुरुषाची भाषा उर्दू, कचेरीतली भाषा उर्दू, आणि १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होईपर्यंत शाळेतही तिचाच वरचष्मा. बाईच्या वाट्याला यातलं काहीच नाही. पण ती भाषा कानानं शिकत होती. उमरगा-मुरूमच्या पट्ट्यात आजही अशा बायका आहेत की घरात कानडी, बाजारात मराठी, बांगडीवाल्या चाचीशी दखनी. बचत गटाच्या बैठकीत मी हे कितीदा पाहिलंय. तीन भाषा बोलणारी बाई बँकेच्या फॉर्मवर मात्र शिक्षण या रकान्यात काही नाही असं सांगते, आणि लिहिणारा तसं लिहूनही घेतो.

आणखी एक गंमत सांगते. १८५३ मध्ये नळदुर्गचा मुलूख काही वर्षांसाठी इंग्रजांकडे गेला आणि मेडोज टेलर नावाचा साहेब इथं अधिकारी म्हणून आला. नळदुर्गच्या किल्ल्यात राहिला. नंतर त्यानं १८६३ मध्ये तारा नावाची इंग्रजी कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरची, भवानीच्या देवळाच्या सावलीत वाढलेली. कुणाला इंग्रजी कादंबरी वाचण्याचा धीर होत नसेल तर असं पुस्तक हाती घ्यावं. तुळजापूर तर आपल्या पायाखालचं. जुनं इंग्रजी जड आहे, पण देऊळ, घाट, डोंगर ओळखीचे असले की अर्धी वाट सरते. याहून सोपं हवं असेल तर श्यामची आई आहेच. ती हिंदीत, इंग्रजीत गेली आहे. कुठल्या पानावर रडू येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, मग शब्दकोश कशाला लागतो?

रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यात भाषा रोजच्या कामाच्या झाल्या. माधवरावांची नजर अधू होती, वाचून दाखवण्याचं काम घरातच होई. १८९३ मध्ये ते मुंबईला हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले. रमाबाई तेव्हा एकोणचाळिसाव्या वर्षात. बाई शिकली की नवरा मरतो म्हणणाऱ्यांना सत्तावीस वर्षं थांबावं लागलं!

पहिला काही काळ त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मग हळूहळू कामाला लागल्या. तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन सुरू झालं आणि १९०९ मध्ये पुण्यात. पुण्याच्या सेवासदनात मोठ्या वयाच्या बायकांसाठी वर्ग होते. संसारातून दोन तास काढून आलेल्या सुना, माहेरी परतलेल्या विधवा. पोरीसोरींच्या शाळेत ज्यांना बसता येत नव्हतं अशा. नर्सचं काम म्हणजे हलकं काम असं मानणाऱ्या काळात त्यांनी चांगल्या घरच्या विधवांना नर्सिंगला पाठवलं आणि त्यासाठी पुन्हा बोल खाल्ले. या वेळी शांत राहा म्हणणारं कुणी नव्हतं, आणि त्या शांत राहिल्याही नाहीत. १९२० च्या सुमारास पुण्यात सक्तीचं शिक्षण आधी फक्त मुलांना द्यावं की मुलींनाही, हा वाद पेटला तेव्हा मुलींच्या बाजूनं त्या रस्त्यावर उतरल्या. १९२४ मध्ये त्या गेल्या. १९६२ मध्ये जन्मशताब्दीला सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

१९१० मध्ये त्यांचं पुस्तक आलं, आमच्या आयुष्यातील काही आठवणी. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. त्यात त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत. स्वतः असा शब्द वापरतात. स्वतः कोर्टातून आले, स्वतः म्हणाले, असं. आपल्या आज्या नाही का, आमच्या घरून असं म्हणायच्या, तसंच. १९३८ मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेत निघाला, तेव्हा अनुवादकर्तीनं पुस्तकाचं नावच त्या शब्दावरून ठेवलं, हिमसेल्फ. पुढे १९६३ मध्ये कुसुमावती देशपांडे यांनीही इंग्रजीत अनुवाद केला. म्हणजे ज्यांना जमेल त्यांनी मराठी पुस्तक एका मांडीवर आणि इंग्रजी दुसऱ्या मांडीवर घेऊन वाचावं, असं हे पुस्तक आहे.

मराठी पुस्तक मोठ्या ग्रंथालयात विचारलं तर मिळतं. सुरुवातीची भाषा जुनी आहे, अनुस्वारांची गर्दी आहे, त्यामुळे पहिली वीस-पंचवीस पानं अडखळायला होतं. ज्यांना धीर नसेल त्यांनी सरळ कलकत्त्याचं प्रकरण आधी काढावं. न्हाव्याची गोष्ट वाचून झाली की मग पहिल्या पानाकडे या.